सही माझीच होती, तरीही

गेल्या उन्हाळ्यात लेकाला पाच दिवसांच्या साहसी शिबिराला पाठवलं. वय अकरा. तिसऱ्या दिवशी झिपलाइनवरून, म्हणजे उतरत्या तारेला लटकून घसरत, येताना तो थेट खालच्या खांबावर आदळला. डाव्या मनगटाजवळ हाड मोडलं, दोन तारा घालाव्या लागल्या. शुद्धीवर आल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, "आई, खाली कुणीच नव्हतं गं."

आयोजकांनी संमतीपत्र पुढे केलं. "कोणत्याही दुखापतीस आयोजक जबाबदार राहणार नाहीत." खाली माझी सही. दोन आठवडे मी स्वतःलाच दोष देत बसले.

वकील मैत्रिणीने डोळे उघडले. सही केली म्हणजे धोका मान्य केला, हलगर्जीपणा नव्हे, असं ती म्हणाली. तिने 1995 सालचं प्रकरण सांगितलं. पठाणकोटच्या एका शाळेच्या सहलीत 14 मुलं बियास नदीत बुडाली. शिक्षक चुकले तरी जबाबदारी शाळेचीही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये प्रत्येक मुलामागे 5 लाखांची भरपाई कायम ठेवली. त्या आईवडिलांचा विचार मनातून जात नव्हता. माझं मूल निदान घरी होतं.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर केली. शिबिर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते. मोजलेले पैसे 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची.

सगळ्यात भक्कम पुरावा आयोजकांनीच दिला होता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी टाकलेला व्हिडिओ मी मैत्रिणीसोबत थांबवत थांबवत पाहिला. वर मुलांना हार्नेस लावणारा एकच तरुण, आणि खाली वेग आवरायची दोरी नुसती लोंबकळत होती. धरायला माणूसच नेमला नव्हता.

आधी पाठवलेल्या नोटिशीला आयोजकांनी उत्तर दिलं नव्हतं. आयोगात मात्र मध्यस्थीला तयार झाले. उपचाराचा खर्च आणि शिबिराची फी परत मिळाली. माझा हट्ट एका अटीसाठी होता: झिपलाइनच्या दोन्ही टोकांना प्रशिक्षित माणूस असेल, हे तडजोडीत लेखी हवं. ते आलं.

घरी आल्यावर लेकाने विचारलं, "त्या दादाला काढलं का?"

"नाही रे. त्याच्या जोडीला आता खाली अजून एक असेल."