माळाच्या मातीची ओळख पटवताना : माझा अनुभव

माती नमुन्याच्या अर्जात 'पीक' असा एक रकाना असतो. मागच्या हंगामातलं पीक, पुढच्या हंगामात घेणार ते पीक. त्या रकान्यापासून सुरू झालेल्या घोळात माझे साडेतीन महिने गेले. वर्ष उलटलं तरी त्याचा राग गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

इंदापूर तालुक्यात आमचा सहा एकर माळ आहे. कधी नांगरलेला नाही. वर कुसळी आणि पवन्या ही गवतं, खाली ओढ्याकडे मारवेल. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं येऊन बसतात. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी याच माळाच्या मातीचं शास्त्रीय वर्गीकरण करायचं मी ठरवलं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या राज्य नकाशाचं काम १:२,५०,००० या प्रमाणावर झालं आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर, आणि आमचा माथा ते ओढा हे अंतर जेमतेम २०० मीटर. तेव्हा खणल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

खणणं सोपं गेलं. अण्णांनी पहार घेतली, मी घमेलं उचललं, दोन दिवसांत तीन खड्डे झाले. माथ्यावर २३ सेंमीवर मुरूम लागला. मधल्या उतारावर तो ४६ सेंमीवर होता आणि त्याच्या वर २० सेंमीचा तपकिरी, खडे कमी असलेला थर होता. आम्ल टाकलं की त्या थरावर बारीक फेस यायचा, म्हणजे चुना होता. ओढ्याकाठी मीटरभर खोल काळी माती. तिथलं ढेकूळ फोडलं की आत घासून गुळगुळीत केल्यासारखे चकचकीत तिरपे पृष्ठभाग दिसायचे. ओली होऊन फुगताना आणि सुकून आक्रसताना माती मातीवर घासते, त्याच्या या खुणा.

एकच बसाल्ट, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास तोच पाऊस, आणि उतारावर तीन वेगळ्या मात्या. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नमुने पिशव्यांत भरले आणि जवळच्या एका प्रयोगशाळेत गेले. खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज पाहिला.

"ताई, पीक लिहिलं नाही तुम्ही."

"पीक नाही साहेब, गवताळ माळ आहे."

"मग पडीक लिहा."

मी म्हटलं, पडीक नाही, गवत आहे, जनावरं चरतात. ते म्हणाले, यादीत गवत नाही, रकाना रिकामा ठेवला तर नमुना नोंदवता येत नाही. मागे रांग होती. त्यांनीच 'पडीक' लिहिलं आणि 'पुढील पीक' म्हणून ज्वारी. महिन्याभरानं हाती आलं ते ज्वारीला किती युरिया टाकायचा याची शिफारस असलेलं पत्रक. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. ही पत्रिका शेतकऱ्याच्या खतासाठी असते आणि त्यासाठी ती उपयोगीच आहे. पण वर्गीकरणाला लागतं ते वेगळं: वाळू, पोयटा आणि चिकणमातीचं प्रमाण, थराथराचा चुना, खड्यांचा वाटा. "ते आमच्याकडे होत नाही" हे पहिल्या दिवशी कुणी बोललं असतं तर महिना वाचला असता. म्हणून आधी फोन करून नेमकं विचारा: कणांच्या आकाराचं विश्लेषण करता का?

दुसऱ्या प्रयोगशाळेत ते होत होतं. आठ नमुने दिले. "पंधरा दिवसांनी या." पंधराचे चाळीस झाले. दर सोमवारी फोन, दर सोमवारी "नंबर लागलेला नाही." शेवटी एसटीनं स्वतःच गेले. नंबर लागला होता. पाठीमागच्या खोलीत एक मुलगा माझी माथ्याची माती लोखंडी खलबत्त्यात कुटत होता. नुसती ढेकळं नाही, मुरमाचे खडेसुद्धा. खड्यांची पूड करून तो ती चाळणीतून काढत होता.

माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मुलाची चूक नव्हती, त्याला 'सगळं बारीक कर' एवढंच सांगितलेलं. पण माळाच्या मातीत खडा हीच तर अर्धी माहिती असते. ढेकळं लाकडी दांड्यानं हलकेच फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, आणि वर उरलेले खडे फेकायचे नाहीत, वजन करून नोंदवायचे. घनफळात खडे ३५ टक्क्यांच्या वर गेले की वर्गीकरणात मातीच्या कुळाच्या (फॅमिलीच्या) नावातच तसा उल्लेख येतो. लोखंडाचा खल तर त्याहून वाईट, लोह तपासायचं असेल तर आकडाच बिघडतो.

मुख्य मॅडमना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि नवे नमुने आणा म्हणाल्या. शुल्क पुन्हा घेतलं नाही, एवढं मानते. या वेळी मी घरीच सावलीत माती वाळवली, घरीच चाळली, खडे वेगळ्या पिशवीत भरून वर 'फेकू नये' असं लिहिलं. माथ्याच्या मातीत खडे वजनानं ५८ टक्के भरले. कुटलेल्या नमुन्याच्या अहवालात चिकणमाती १९ टक्के आली होती, नीट चाळलेल्यात ३१. त्या पहिल्या आकड्यावर प्रबंध लिहिला असता तर?

हो, खडे जास्त असतील तर अर्धा किलो माती पुरत नाही. प्रत्येक थराची दोन-अडीच किलो घ्या. आणि पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई ओलीनं पसरते.

पुढचं काम सरांबरोबर एका दुपारी झालं. अमेरिकी वर्गीकरण पद्धतीतली नावं अशी: माथा एंटिसोल (थर न घडलेली कोवळी माती), त्यातला उस्टॉर्थेंट. मधला इन्सेप्टिसोल (थर घडू लागलेली माती), हॅप्लुस्टेप्ट. ओढ्याकाठ व्हर्टिसोल (फुगणारी-आक्रसणारी काळी माती), हॅप्लुस्टर्ट. तिन्ही नावांतला 'उस्ट' म्हणजे पावसाळ्यात ओलावा आणि बाकी बराच काळ कोरड असणारी जमीन.

गवताळ जमीन म्हटली की पुस्तकात मॉलिसोल येते, युक्रेनची किंवा अमेरिकी प्रेअरीची काळी, जाड माती. मधल्या खड्ड्याचा रंग मी पहिल्यांदा संध्याकाळी वाचला तेव्हा ओल्या मातीचा उजळपणा ३ वाटला आणि मला तीच आशा लागली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तळहातावर तेच ढेकूळ ओलं करून मन्सेलच्या, म्हणजे मातीचा रंग ताडून पाहायच्या, पट्टीशेजारी धरलं, तर ७.५ वायआर ४/४, म्हणजे उजळपणा ४. मॉलिसोलला ३ किंवा त्याहून कमी लागतो. रंग दहा ते चारच्या उन्हातच वाचा.

मॉलिसोल नसली म्हणून ही माती कमी ठरत नाही. माळाच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के आला. बांधापलीकडच्या, तशाच उताराच्या, वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानात ०.४. तेवीस सेंमी माती धरून ठेवली आहे ती मुळांनी. तिला पडीक म्हणून नांगर घातला तर ती धुपत जाऊन खालचा मुरूम उघडा पडेल. अण्णांना मी दोन्ही आकडे दाखवले. ते म्हणाले, "मग नाही नांगरायचा."

खड्डे लगेच बुजवा, मेंढरं पडतात. मुरूम खाली, मग मधली माती, गवताची ढेप सगळ्यात वर, काढली होती तशीच. आमच्या माथ्याच्या खड्ड्यावर यंदा कुसळी आली आहे. पवन्या अजून नाही.