आठवीत गेलं की खिचडी चालत नाही

आमच्या शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत आणि सरकारी पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सगळी गोची इथेच आहे. नववी-दहावीची पोरं मधल्या सुट्टीत डबा उघडतात नाहीतर फाटकाबाहेरच्या टपरीवर जातात. आठवीतल्यांना मोठं व्हायची घाई. ती पाचवीच्या चिमुरड्यांबरोबर ताट घेऊन ओळीत कशी उभी राहतील? जून सरेपर्यंत आठवीच्या ओळीत मुली तेवढ्या दिसतात. मुलगे गायब.

पोषण आहाराचं काम माझ्याकडे आहे. शिकवते मराठी, पण मधल्या सुट्टीआधी अर्धा तास स्वयंपाकघरात जाऊन चव घ्यायची, चव नोंदवहीत सही करायची, मग मोबाईलवर लाभार्थ्यांचा आकडा भरायचा. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. पाचवीपर्यंत १०० ग्रॅम, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम. हे आकडे मला झोपेत विचारले तरी सांगेन. कागदावर आता पुलाव, मसालेभात, मटकीची उसळ असं बरंच काही आलंय, पण पोरांच्या तोंडी सगळ्याचं नाव एकच, खिचडी. आणि आठवीत ती खाणारा तो खिचडीवाला.

हे कोणी ठरवलं ते विचारू नका. मी विचारून बघितलंय. "का रे, जेवला नाहीस?" तर "भूक न्हाई मॅडम." आमच्याकडची निम्मी पोरं वाड्या-वस्त्यांवरून सकाळच्या एसटीनं येतात. घरातून निघताना चहा आणि बटर पोटात गेलेलं असतं. दुपारी भूक नसते म्हणे! टपरीवर पाच रुपयांचं पाकीट फोडायचं, त्यातली हवा आधी बाहेर, मग चार जणांत वाटून चार-चार दाणे. (शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असला जास्त मीठ-साखर-तेलाचा माल विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. आमची टपरी फाटकातून हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर आहे. असो.) शेवटच्या दोन तासांना ही पोरं बाकावर डोकी टेकतात आणि गणिताचे सर मला येऊन सांगतात, तुमची आठवी झोपाळू आहे.

गेल्या वर्षी एका ऑफ तासाला मी चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, दोनच प्रश्न. तुला शाळेतलं जेवण आवडतं का? आणि तुझ्या वर्गातल्या इतरांना आवडतं का? निम्म्याहून जास्त मुलग्यांनी पहिल्याला 'हो' लिहिलं होतं आणि त्याच पोरांनी दुसऱ्याला 'नाही'. म्हणजे मला आवडतं, पण बाकीच्यांना आवडत नाही असं वाटत असल्यानं मी खात नाही, आणि प्रत्येक जण हेच करतोय. डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट या दोघांनी अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांत ही गोष्ट १९३१ साली नोंदवली होती. तिथे विषय वेगळा होता, विद्यार्थी मंडळांत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हा. गंमत तीच. मनातून बऱ्याच जणांचं मत एक, आणि बाकीच्यांचं मत उलटं असणार ही सगळ्यांची खात्री.

या सगळ्यात एक पोरगा रोज जेवायचा. नाव लिहीत नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, वर्गात त्याला 'बुवा' म्हणतात. घरी आजोबांची भजनी परंपरा, आणि हा पखवाज वाजवतो. वर्गात मित्र म्हणावा असा कोणी नाही, कारण त्याचे सगळे दोस्त साठीच्या पुढचे. एकादशीला रात्री भजन, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पेंग. तो मधली सुट्टी झाली की दप्तरातून स्वतःचं ताट काढायचा, एक कांदा काढायचा, व्हरांड्याच्या खांबाला कांदा आपटून फोडायचा आणि पाचवीच्या पोरांमागे ओळीत उभा राहायचा. टपरीवरून हाक यायची, "ओ बुवा, पंगत बसली का?" हा तिकडून ओरडायचा, "बसली! या!"

स्टाफरूममध्ये त्याच्या धाडसाचं फार कौतुक झालं. मला ते पटत नाही. धाडस तेव्हा, जेव्हा काही पणाला लागलेलं असतं. याचं काहीच लागलेलं नव्हतं. आठवी ब च्या मतानं त्याच्या जगात काही हलत नव्हतं, त्याला मृदंगाचा बोल चुकला तर बोलणारी माणसं वेगळी होती. शिवाय हा मुलगा ज्या निश्चिंतीनं खिचडी खातो त्याच निश्चिंतीनं गृहपाठ आणत नाही. गृहपाठ न आणणारीही सगळ्यांची वाट सोडून चालणारी माणसंच, फक्त त्या बाजूचं कौतुक होत नाही.

त्याची खरी मजा अंड्याच्या दिवशी. २०२३ च्या शेवटी सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं आणि काय सांगू, आठवीतल्या सगळ्यांची भूक एकाच दिवशी परत आली! टपरी ओस, ओळ थेट झेंड्याच्या कट्ट्यापर्यंत. त्या दिवशी ताट घेऊन उभं राहण्यात कमीपणा नव्हता, कारण सगळेच उभे होते. आणि त्या ओळीत अंडं न घेणारा एकटा, माळकरी असल्यानं केळं घेऊन बाजूला होणारा, पुन्हा बुवाच. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं अंड्यासाठीचे पैसे थांबवले आणि दुसऱ्याच आठवड्यात खिचडी पुन्हा लहान पोरांची झाली.

बदल घडला तो एका अडाण्यामुळे. अडाणी म्हणजे नियम माहीत नसलेला. पनवेलकडून एक पोरगा मधेच दाखल झाला. वडिलांची बदली. त्याला आपल्या नव्या शाळेत आठवीतला माणूस काय खातो हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मधली सुट्टी झाली, जेवण दिसलं, बुवाशेजारी जाऊन बसला आणि कांदा मागितला. आठवड्याभरात आणखी दोघं आले. मग एकाच बाकावरचे तिघं. बुवा इतके महिने एकटा जेवत होता तेव्हा एकही हललं नव्हतं. दोघं झाल्यावर हललं.

सॉलोमन ॲश यांचा रेघांचा प्रयोग बी.एड.च्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. १९५० च्या दशकातला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, यातली कुठली तेवढीच लांब आहे ते मोठ्यानं सांगायचं. खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देतात. धडधडीत समोर दिसत असूनही खरा विद्यार्थी साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्या चुकीमागे जायचा. परीक्षेसाठी आपण इथवरच पाठ करतो. पुढचा भाग मला जास्त कामाचा वाटतो. खोलीत एकच माणूस खरं बोलणारा ठेवला, की चुकांचं हे प्रमाण एक चतुर्थांशावर यायचं. आणि तो सोबती मधेच फिरून बहुमताच्या बाजूला गेला, तर बिचारा विद्यार्थी पुन्हा पहिल्याइतकाच चुकायला लागायचा.

आमचा पनवेलकर दिवाळीनंतर फिरला. तोवर त्याला नियम कळला होता. कबड्डीच्या संघात घेतलं गेलं आणि मधल्या सुट्टीत तो टपरीवर दिसू लागला. त्याच्यामागून आलेले पाचही जण दोन दिवस ताट दप्तरातच ठेवून बसले, मग तेही गेले. बुवा आपला कांदा फोडत होता.

मुख्याध्यापक म्हणाले, सक्ती करू. आठवीचा प्रत्येक मुलगा ओळीत पाहिजे. मी म्हटलं, सर, नको. सक्तीनं आलेलं पोर अर्धं ताट बादलीत ओततं आणि मावशींना ते ओतलेलं उचलावं लागतं. गेली कित्येक वर्षं त्या तुटपुंज्या मानधनावर चूल सांभाळतायत, त्यांच्यासमोर तरी ते नको.

त्याऐवजी मी समाजमिती काढली. हाही बी.एड.चाच प्रकार, तेव्हा सबमिशनपुरता केलेला. सहलीच्या एसटीत कोणाशेजारी बसायला आवडेल, कोणाशेजारी नको, अशी नावं गुपचूप लिहून घ्यायची आणि बाणांचं चित्र काढायचं. मी त्यात स्वतःचा एक प्रश्न घातला: वर्गात कोणाचं चालतं?

शेवटच्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी एकच नाव लिहिलं. कबड्डीचा कॅप्टन, केसांत वस्तऱ्यानं मारलेली रेघ, थोरला भाऊ दहावीत. टपरीचं राज्य त्याचं. पण एसटीत त्याच्या शेजारी बसायला जेवढ्यांना आवडेल, जवळपास तेवढ्याच जणांनी त्याला 'नको' मध्येही घातलं होतं. सगळ्यांत जास्त पसंती मिळाली ती एका मुलीला, जिचं वर्गात अजिबात चालत नाही आणि जी मागेल त्याला वही देते. जो आवडतो तो आणि ज्याचा वट आहे तो, हे दोन वेगळे असतात हे अभ्यासकांनी १९९८ साली आकड्यांत दाखवलं. आमच्या मावशींना ते आधीपासून ठाऊक आहे. कॅप्टनला त्या "दादा" म्हणतात आणि जादा वाढतात त्या मुलीला.

बुवाला काय मिळालं? जवळपास काही नाही. ना हवा, ना नको. मला वाटलं होतं मनातून तरी चार जण त्याला मानत असतील. नव्हते. आणि त्याचं त्याला काही नाही. अशा 'दुर्लक्षित' मुलांची फार काळजी करू नये, त्यांची जागा वर्ग बदलला की बदलते, असं जॉन कोय आणि केनेथ डॉज यांच्या १९८० च्या दशकातल्या कामातून पुढे आलं. काळजी करायची ती ज्याच्याकडे सगळे बाण 'नको'चे येतात त्याची. ती जागा सहसा हलत नाही.

आमच्या चित्रात तसा एक होता आणि तो मला आधी दिसलाच नव्हता, कारण तो टपरीवर सगळ्यांत पुढे असायचा. पाकीट तोच विकत घ्यायचा. पैसे त्याचे, दाणे इतरांचे. कॅप्टनसारखी केसांत रेघ मारून आला तेव्हा दोन दिवस त्याची टिंगल झाली. बुवाला "पंगत बसली का" ही हाक मारणारा आवाजही बहुतेक वेळा याचाच. घरी आई एकटी, शेतात रोजानं जाते. ते पाच रुपये कुठून येत होते ते मी शोधायला गेले नाही.

आपण शाळेत भाषणं देतो: गर्दीच्या मागे जाऊ नका, वेगळे बना, स्वतःचं डोकं वापरा. बालदिनाला तर हमखास. या पोराला ते ऐकवून काय होणार? वेगळं पडणं काय असतं हे त्याला पाहुण्यांपेक्षा चांगलं माहीत आहे. कॅप्टनला त्या भाषणाची गरज नाही आणि बुवाचं लक्ष नसतं, तो मांडीवर बोटांनी ठेका धरतो.

जानेवारीत मी वाढपी नेमले. आठवीच्या दोघादोघांची जोडी, पाळीनं एक आठवडा. जोड्या मी लावल्या, पण तसं सांगितलं नाही, हजेरीच्या क्रमानं आल्यात असंच पोरांना वाटलं. या पोराची जोडी वही देणाऱ्या मुलीच्या भावाशी लावली. जुळे आहेत ते, एकाच वर्गात. शांत पोरगा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. वाढप्यानं शेवटी जेवायचं, हा आपल्याकडचा पंगतीचा रिवाजच आहे, त्यामुळे थांबण्याला कारण मिळालं. टपरीवरून कोणी विचारलंच तर "माझी पाळी हाय" एवढं उत्तर पुरतं. हातात पळी असलेल्याला खिचडीवाला म्हणत नाहीत. उलट, "ए, मला खरपुडी ठेव," अशी आर्जवं सुरू झाली. तळाची खरपुडी वाढप्याच्या हातात असते, आणि तिच्यासाठी कॅप्टनच्या टोळीतलेही दोघं ताट घेऊन आले. ताट मात्र सहावीच्या पोराचं मागून आणलेलं.

पाळी संपली तरी हे दोघं मागे थांबत राहिले. बुवाच्या बाजूला बसतात, बोलतात असं नाही. एकदा बुवानं अर्धा कांदा न विचारता पुढे सरकवला. कॅप्टन आजतागायत आलेला नाही, आणि पनवेलकर कधी येतो, कधी नाही. मुलींना वाढपी करावं की नको यावर स्टाफरूममध्ये वाद झाला, घरीही त्याच वाढतात इथेही त्याच का, हा विज्ञानाच्या मॅडमचा मुद्दा मला पटला. म्हणून मुलींच्या पाळीला त्या फक्त ओळ आणि बादली बघतात, वाढायला मुलगेच.

यंदा जूनमध्ये नवी आठवी आली. वाढप्यांची यादी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लावली, खिचडीवाला हा शब्द वर्गात शिरायच्या आत. परवा मुख्याध्यापकांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, आठवीचा आकडा वाढलाय, तांदूळ महिनाअखेरपर्यंत पुरायचा नाही. मागणीपत्र आजच करा."