हिरा शाबूत, रबर दगड

मालकंसच्या एका जुन्या एलपीने मला या भानगडीत पाडलं. विलंबित नीट वाजायचं. द्रुत सुरू झालं की तानांत वाळू मिसळायची, आणि शेवटच्या दोन मिनिटांत तर बुवा तोंडात सुपारी धरून गाताहेत असं वाटायचं.

ख्यालाच्या एलपीचं हे दुखणंच आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच चालीने घेते. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. आणि आपलं सगळं जोरकस, तानांनी भरलेलं गाणं नेमकं तिथे येऊन बसतं. सुईत काही खोट असेल तर ती तिथे उघडी पडणारच.

जुनं कार्ट्रिज (सुई धरून तिची थरथर विजेत बदलणारी डबी) घ्यायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा अर्थातच पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलो. तिथल्या पेटी-प्लेअरांमध्ये बऱ्याचदा क्रिस्टलचं कार्ट्रिज असतं. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे चक्क एक क्षार. तो दमटपणा सोसत नाही आणि ५५ अंशांच्या आसपास तापला की कामातूनच जातो. आपले पावसाळे आणि माळ्यावरचे उन्हाळे काढून त्यातलं कोणी जिवंत असेल, यावर माझा विश्वास नाही. रिकाम्या हाताने परतलो.

शेवटी मुंबईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून शुअर कंपनीचं व्ही-१५ टाइप थ्री हे कार्ट्रिज घेतलं. १९७३ साली आलेलं मॉडेल. सुई मोडलेली, नुसता सांगाडा, म्हणून स्वस्त. त्याची मला चिंता नव्हती, कारण मूव्हिंग मॅग्नेट जातीत कॉइल सांगाड्यात असते, चिमुकलं चुंबक सुईच्या मागे असतं आणि सुई पुढून ओढून काढता येते. कॉइल शाबूत आहे का हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. पांढरी-निळी पिन डाव्या बाजूची, लाल-हिरवी उजव्या. दोन्हीकडे १३०० ते १४०० ओहमच्या मधले, एकमेकांना धरून असलेले आकडे आले. (मूव्हिंग कॉइलवाल्यांनी, म्हणजे ज्यात चुंबकाऐवजी कॉइलच हलते त्यांनी, हा उद्योग करू नये. तिथली तार इतकी बारीक असते की मीटरचा प्रवाहही तिला जड जाऊ शकतो.)

राहिली सुई. शुअरने कार्ट्रिज आणि सुया बनवणं २०१८ मध्ये बंद केलं, म्हणजे मूळ सुई हवी तर कोणाच्या तरी कपाटात पडून राहिलेलीच. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे या कार्ट्रिजची मूळ सुई, व्हीएन-३५ई, मिळाली. सीलबंद, एकदाही न वापरलेली. किंमत इथे सांगत नाही. घरातही खरी सांगितलेली नाही.

सील फोडलं, सुई बसवली, कागदी मापाने कोन जुळवला, सुईचा रेकॉर्डवरचा भार एक ग्रॅम ठेवला आणि मालकंस लावला. द्रुत आलं. वाळू हजर.

पुढचे दोन महिने मी सुई सोडून सगळ्यांवर संशय घेतला. रेकॉर्ड धुतली. कोन चार वेळा जुळवला. मित्राचा प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, उसना आणला. मग त्याच मित्राचा यूएसबी मायक्रोस्कोप आणला. सुईचं टोक म्हणजे एक इवलासा हिरा. तो झिजला की त्याच्या दोन्ही कुशींना चकचकीत सपाट डाग दिसतात. माझा हिरा निर्मळ होता.

उलगडा झाला तो एप्रिलमध्ये. भर दुपारी, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, तीच बाजू बरीच साफ वाजली. रात्री हवा उतरली आणि पुन्हा वाळू. हिऱ्याला उन्हाशी काय देणंघेणं? हिरा ज्या बारीक दांडीच्या टोकाला असतो, ती दांडी ज्या इवल्याशा रबरी कड्यात रुतलेली असते, त्याला मात्र आहे. खाचेच्या वळणांबरोबर दांडीने मोकळं हलायचं आणि लगेच सावरायचं, हे सगळं त्या रबराच्या जिवावर. ते डबीत बसल्या बसल्याही म्हातारं होतं. कधी गुळासारखं पाघळतं, कधी कडक होतं. माझं कडक झालेलं. भार १.२५ ग्रॅमच्या मर्यादेपुढे दीड ग्रॅमवर नेल्यावर आवाज थोडा सुधारला, तेव्हा खात्रीच पटली.

जपानच्या जिको कंपनीची नवी सुई घेणं हा शहाण्यांचा मार्ग होता. मी इंग्लंडमधल्या एका रीटिपिंग, म्हणजे जुन्या सुईला नवं टोक बसवून देण्याचं काम, करणाऱ्या कारागिराला लिहिलं. माझी मागणी होती टोक बदलून देण्याची, कारण सगळे तेच करतात. त्याने सुई मागवून घेतली, तपासली आणि कळवलं: हिरा उत्तम आहे, रबर दगड झालंय, जुन्या दांडीवर नवा हिरा चिकटवला तर तुमचे पैसे वाया जातील. मला हा माणूस तिथेच आवडला. मूळ दांडी वाचवायचा प्रयत्न करतो म्हणाला, पण त्या कडक रबरातून निघताना ती मोडली. मग बोरॉनची नवी दांडी, नवं रबर आणि खाचेच्या भिंतीला उभी लांबट रेघ धरून टेकणारा नवा हिरा. चार महिने गेले. परतीचं पार्सल आठवडाभर अडकलं, कारण कागदावर ‘डायमंड’ लिहिलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या हिऱ्याचा फोटो मोठा करून पाठवला तेव्हा सुटलं.

हा हिरा कोनाच्या बाबतीत फार नखरेल निघाला. कार्ट्रिज अर्धा मिलिमीटर सरकलं तरी रुसतो. पहिले वीसेक तास आवाज जरा आखडलेलाच होता. पण आता द्रुत साफ येतं, तान सुटी सुटी कळते. खर्जाची जुनी ऊब मात्र थोडी कमी झाली. नाव शुअरचं असलं तरी हे आता निम्मंच शुअर आहे, आणि ते मला पटवून घ्यावं लागलं.

कारागिराने जुनं रबर एका पुडीत घालून परत पाठवलं होतं. नखाने दाबलं तर काळा भुगा झाला. विक्रेत्याला खरमरीत पत्र लिहायला बसलो होतो, ते तसंच राहिलं. तो खोटं कुठे बोलला होता? सुई खरंच कोणी वापरलेली नव्हती.