समजा, मुलीचं वय आठ

बीजगणिताच्या पुस्तकातली माणसं सरळ उत्तर देत नाहीत. आईला वय विचारावं, तर ती म्हणते मुलीच्या चौपट. बरं, मुलीचं किती? तर पाच वर्षांनी आई तिच्या तिप्पट होणार आहे. पाकिटात नोटा किती हे पाकीट उघडून मोजायचं सोडून एक गृहस्थ सांगतात, दहाच्या नोटा वीसच्या नोटांपेक्षा सातने जास्त आहेत. शेतकऱ्याला स्वतःच्या शेताची लांबी ठाऊक नसते, पण ती रुंदीच्या दुपटीपेक्षा तीन मीटरने कमी आहे हे मात्र पक्कं ठाऊक असतं. अशा लोकांच्या शेजारात एक दिवससुद्धा काढणं कठीण. आठवीतल्या मुलांना त्यांच्याबरोबर अख्खं वर्ष काढावं लागतं.

माझी भाची सध्या तिथे राहते. तिला नुसतं समीकरण दिलं तर काही अडचण नाही. ५क्ष − ७ = १८ असं म्हटलं की सात पलीकडे, चिन्ह बदललं, पाचाने भागलं, क्ष बरोबर पाच. एवढं सगळं पेनाचं टोपण दातात धरून होतं. (तिच्या पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, माझ्या तोंडात क्ष बसलाय. त्यावरून आमच्यात भांडण नाही.) 'बरोबर'च्या पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, ही गोष्ट तिनं लग्नानंतर आडनाव बदलावं तशी मुकाट्यानं मान्य केली आहे. आडनाव हल्ली बदलतंच असं नाही, चिन्ह मात्र अजून बदलतं. दोन्ही बाजूंना सारखंच मिळवायचं किंवा दोन्ही बाजूंतून सारखंच काढायचं, एवढाच तो प्रकार आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं. तिला ते माहीत होतं. नुसत्या पक्षांतरावर काम भागत असताना त्याची आठवण कशाला काढायची, असा तिचा चेहरा होता.

शाब्दिक उदाहरण आलं की मात्र टोपण पेनाला लागतं आणि वही माझ्याकडे सरकते.

"मावशी, यात काय करायचंय?"

या 'काय करायचंय'चा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. बेरीज करायची, वजाबाकी करायची की गुणायचं, एवढंच तिला हवं असतं. उदाहरणात काय चाललंय हा प्रश्नच नसतो. आकडे दिसलेले असतात, त्यांचं काय करायचं ते सांगितलं की काम झालं. यात ती एकटी नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संशोधकांनी १९८०च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न घातला होता: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेले आकडे एकमेकांत मिसळून उत्तर काढून दिलं. बेरीज केली की ३६ येतात, आणि कप्तानाला ते वय शोभूनही दिसतं. मला त्या मुलांचं हसू येत नाही. मास्तरांनी प्रश्न विचारलाय म्हणजे त्याला उत्तर असणार, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघणार, हे ती मुलं शाळेतच शिकलेली होती.

तर आई चौपट, पाच वर्षांनी तिप्पट. अशा वेळी मदत करणाऱ्याच्या जिभेवर एक वाक्य तयार असतं: 'समजा, मुलीचं आजचं वय क्ष वर्षे आहे.' हे वाक्य सांगून टाकण्याचा मोह फार मोठा आहे. गाईडात ते छापलेलं असतं, क्लासच्या सरांनी ते लिहून दिलेलं असतं. माझी ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "अगं, पहिली ओळ सांग ना तिला, पुढचं ती करते. जेवायला उशीर होतोय." ताईचं खरंच आहे, पुढचं ती करते. पण पुढचं तिला येतंच होतं. अडलं होतं ते त्या पहिल्या ओळीत, आणि तीच आपण देऊन टाकली तर मदत कसली झाली?

फोनही तेच देतो. २०१४ साली क्रोएशियातल्या मंडळींनी फोटोमॅथ हे ॲप काढलं, तेव्हा समीकरणाचा फोटो काढला की उत्तर यायचं याचंच अप्रूप होतं. आता शाब्दिक उदाहरणाचा फोटोही चालतो, आणि 'समजा'पासून 'म्हणून'पर्यंत सगळ्या पायऱ्या माझ्यापेक्षा नीटनेटक्या येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री अकरा वाजता ज्या मुलाला घरात विचारायला कोणी नाही, त्याच्यासाठी ती चैन नव्हे, सोय आहे. फक्त त्या पायऱ्या वाचताना असं वाटतं की 'समजा'ची ओळ आभाळातून पडली. ती कुणाला कशी सुचली हे पायऱ्यांत कुठेच नसतं.

मी क्षचं नावच काढत नाही. म्हणते, "तुला काय वाटतं, मुलगी केवढी असेल?"

"मला कसं माहीत?"

"माहीत नाहीच. ठोकून दे काहीतरी."

ठोकून द्यायची परवानगी गणिताच्या वहीत मिळते यावर तिचा आधी विश्वास बसत नाही. मग ती आठ म्हणते, बहुधा बिल्डिंगमधली कुठलीतरी आठ वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणून.

"बरं, आठ. मग आई?"

"बत्तीस."

"पाच वर्षांनी?"

"मुलगी तेरा, आई सदतीस. तेराच्या तिप्पट एकोणचाळीस. नाही जमत, दोन कमी पडले."

"नऊ करून बघ."

"आई छत्तीस. मग चौदा आणि एक्केचाळीस. हवे होते बेचाळीस. एक कमी." आणि थांबून, "दहा आहे ना?"

दहाच आहे. आई चाळीस, पाच वर्षांनी पंधरा आणि पंचेचाळीस. इथे बरेच शिक्षक म्हणतील, अंदाजानं काढलंस, याला मार्क नाहीत. परीक्षेपुरतं ते खरं आहे. पण ही संधी मी सोडत नाही. "आठचं बरोबर की चूक हे तू कसं ठरवलंस, ते पुन्हा सांग." ती सांगते: आठला चारनं गुणलं, त्यात पाच मिळवले, मग आठात पाच मिळवून तीनदा घेतलं, दोन्ही सारखे येतात का पाहिलं. मी तेवढंच लिहून काढते आणि जिथे जिथे आठ आहे तिथे बोट ठेवते. बोटाखाली आता काय लिहायचं हे तिला कुणी सांगावं लागत नाही. ४क्ष + ५ = ३(क्ष + ५). समीकरण तिनं आधीच मांडलेलं होतं, आकड्यांत.

असा अंदाज करण्याला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त त्याची रीतच घालून दिली आहे, इष्टकर्म म्हणून. मनाला येईल ती संख्या धरायची, उदाहरणात सांगितलंय तसं तिच्यावर सगळं करायचं, आणि जे निघेल त्याच्या प्रमाणात मूळ संख्या वाढवायची किंवा घटवायची. त्यांचं कमळांचं उदाहरण आहे: राशीतली तिसरा भाग कमळं शंकराला, पाचवा भाग विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिली, आणि उरलेली सहा गुरूंच्या चरणी; तर एकूण किती? समजा साठ. वीस, बारा, दहा, पंधरा गेली, उरली तीन. आपल्याला हवीत सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळंही दुप्पट, एकशेवीस. आमच्या आई-मुलीला हा दुपटीचा हिशेब लागू पडत नाही, तिथे पाच वर्षांची भर मध्ये येते. तिथे पाय रोवायचे तर समीकरणच हवं. पण सुरुवात तीच, काहीतरी धरून बघणं.

त्या पुस्तकात प्रश्न विचारण्याची रीतही वेगळी आहे. 'अये बाले', 'सखे', असं म्हणून विचारतात. आमच्या पुस्तकात 'तर त्यांची वये काढा.' आणि भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा शिलालेखच तिथे सापडला आहे. गणित समजावून सांगायला माणूस लागतो हे त्या घराला ठाऊक होतं.

भाचीला यातलं सगळ्यात काय आवडलं? भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात एकापेक्षा जास्त संख्या माहीत नसल्या तर त्यांना रंगांची नावं द्यायचे, ते. कालक, नीलक, पीतक, लोहितक. स्केचपेनांनी समीकरणं लिहावीत असा विचार तिच्या मनात चमकून गेलेला मला दिसला. मी काही बोलले नाही.

धरून बघण्याचा आणखी एक उपयोग होतो. आई मुलीच्या चौपट हे तिनं सुरुवातीला ४आ = म असं लिहिलं होतं. आ म्हणजे आई, म म्हणजे मुलगी, चौपट आईपाशी, म्हणून चार आईपाशी. वाचायला अगदी बरोबर वाटतं. 'विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत' हे वाक्य अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना समीकरणात लिहायला दिलं होतं, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त मुलांचं चुकलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी सहा नको तिकडे लावले. समजावून सांगून ही चूक जात नाही. समोरचा 'हो हो' म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच लिहितो. मुलगी दहा, आई चाळीस घालून बघ म्हटलं, की चार गुणिले चाळीस बरोबर दहा येतं. ते तिनं स्वतःच खोडलं, जरा जोरातच. पलीकडच्या पानावर उमटलं.

परवाच्या उदाहरणात वडील ४२, मुलगा १६. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट होईल? आता तिला पहिली ओळ विचारावी लागत नाही. ४२ + क्ष = ३(१६ + क्ष). सोडवत गेली आणि क्ष बरोबर उणे तीन. ती पायऱ्या पुन्हा तपासू लागली, चिन्ह कुठे राहिलं का पाहू लागली.

भास्कराचार्यांसमोरही असा प्रसंग आला होता. वानरांच्या टोळीचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे, उरतील त्यांचा वर्ग करायचा. तितकी वानरं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय, तर टोळी केवढी? उत्तरं दोन निघतात, पन्नास आणि पाच. पाच धरलं तर एकातून तीन जातात आणि वर्ग करायला उणे दोन वानरं हाती राहतात. लोकांची अशा उणे संख्येवर प्रतीती नाही, असं म्हणून त्यांनी ते उत्तर बाजूला ठेवलं.

हे मी तिला सांगणार होते. पण ती उणे तीनकडे बघत बसली होती. मग बेचाळीसातून तीन गेले, एकोणचाळीस. सोळातून तीन, तेरा. तेर त्रिक एकोणचाळीस, असं पुटपुटली.

"मावशी, हे चुकलेलं नाहीये. होऊन गेलंय. यांनी प्रश्नच तीन वर्षं उशिरा विचारलाय."