चौफुल्यापर्यंत

तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी उतरते आणि आमचं पंचहौदाचं चर्च तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, गुरुवार पेठेत. लहानपणी माझा वारीशी संबंध एवढाच, की पालखी आली की वडील आम्हा भावंडांना रस्त्याच्या कडेला उभं करायचे आणि राजगिऱ्याचे लाडू वाटायला लावायचे. नारायण वामन टिळकांची पदं ते ठेक्यात म्हणायचे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत. वडिलांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं, की हा पूल लकडी पुलासारखाच मुठेवर कुठेतरी असणार, अशी माझी समजूत होती.

यंदा मी चालले. पंढरपूरपर्यंत नाही. पालखीबरोबर सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे वळून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. महिला मंडळात कळलं तेव्हा एकीनं विचारलं, "म्हणजे नक्की कोणाकडे चाललात?" मी म्हटलं, केडगावला.

यजमान डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा जावं लागतं, आणि ज्या घरात हे चालू असतं त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. बांगड्या गेल्या, त्याचं फार वाटलं नाही. वाटलं ते उपासनेनंतरच्या चहाचं. "देवाची योजना असते ताई." "तो झेपेल तेवढंच देतो." बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसून होते, तोवर फार चांगले होते, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. आमच्या मंडळीत गप्प बसायची पद्धतच नाही. वर साक्ष द्यायचा आग्रह. प्रभूनं संकटात कसं सांभाळलं ते सांगा. अहो, संकट संपू तर द्या! खरं सांगायचं तर प्रार्थनाच बंद झाली होती. गुडघे टेकायची, डोळे मिटायची, आणि डोक्यात इंजेक्शनांचा हिशेब सुरू व्हायचा. मुलीनं रजा काढली आणि मला घराबाहेर ढकललं.

हडपसरला माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळली, आमची सरळ निघाली. लोणी काळभोरला पाऊस.

मी ज्या दिंडीबरोबर चालत होते तिच्यात एक गृहस्थ होते. गळ्यात वीणा नाही, टाळ नाही, फक्त शिट्टी. रांगेतून पाय जरा बाहेर पडला की फुर्रर्र. भजन रंगात आलं की नेमकी फुर्रर्र. आमच्याकडे अगदी असेच एक वडीलजन आहेत, अर्पणाची थैली फिरताना लोकांकडे बघणारे. या दोघांची ओळख करून द्यावी असं फार वाटलं. बाकी ट्रकचा धूर, रील काढणारी पोरं, वाटलेल्या चहाच्या कपांचा खच, आणि बायकांच्या आडोशाचा प्रश्न, ज्यावर कुठल्याच लेखात कोणी लिहीत नाही. पाणी कमी प्यायचं आणि डोकं दुखवून घ्यायचं, हा त्यावरचा आमचा उपाय.

लोणी ते यवत हा टप्पा फार लांब. उरुळी कांचन सोडलं तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं, म्हणजे अंगातून वाफा. बूट ओले, मोजे ओले. डाव्या टाचेला आधी चुरचुरलं, मग आग व्हायला लागली, मग प्रत्येक पावलाला डोळ्यांसमोर काजवे. करंगळीशेजारी दुसरा फोड. मी रस्त्याची कड धरून लंगडत होते आणि दिंड्या अंगावरून पुढे जात होत्या. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत एकशे वीस ते एकशे चौतीस ही आरोहणस्तोत्रं आहेत, यरुशलेमेला चालत जाणाऱ्यांची. ती म्हणत चालायचं असं मी घरून ठरवून निघाले होते. एकशे एकविसावं तर संडेस्कूलपासून पाठ आहे. 'तो तुझा पाय ढळू देणार नाही' या ओळीशी आले आणि इतका संताप आला, की पुढे म्हटलंच नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसले आणि रडले. फोडासाठीच रडले असं म्हणवत नाही.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी, डोक्यावर तुळस, पायात प्लास्टिकच्या चपला. तुळस खाली ठेवली, माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "बूट कशाला घातले माय? काढ."

मी म्हटलं, राहू द्या मावशी, मी बघते. तिनं तोवर बुटाची नाडी सोडली होती. मोजा निघताना टाचेची कातडी ओढली गेली आणि मी ओरडले. बाटलीतल्या पाण्यानं तिनं पाय धुतला. पवित्र सप्ताहात गुरुवारी आमचे पाळक बारा जणांचे पाय धुतात. त्यांत एकदा माझा नंबर होता आणि मी आदल्या रात्री पाय घासून, नखं कापून गेले होते. इथे चिखल, घाम, फुटलेली टाच. पाय मागे घ्यायला लागले तर तिनं घोटा घट्ट धरला.

कनवटीच्या पिशवीतून सुई-दोरा निघाला. दोरा खोबरेलात बुडवून, सुई फोडाच्या एका अंगानं घालून दुसऱ्या अंगानं काढली आणि दोरा तसाच आत ठेवून कापला. "कातडी काढायची न्हाई. दोऱ्यावाटं पाणी झिरपून जातंय. उद्या बघ." मला वाटलं, आता सांगायलाच हवं. म्हटलं, मावशी, मी ख्रिश्चन आहे.

"बरं," ती म्हणाली. "दुसरा पाय कर इकडं."

मग तिथेच बसून राहिलो. ती बीडकडची. दरसाल येते. नवस आहे का विचारलं तर म्हणाली, नवस कशाचा? मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "मावशी, राग नाही येत कधी त्याचा?"

"येतो की. मागल्या साली पाऊस न्हाई, सोयाबीन गेलं, त्यातच धाकट्याचं मोडलं. पंढरीला गेले न् तोंड फिरवून उभी ऱ्हायले. नुसता कळस बघितला, आत गेलेच न्हाई. म्हटलं, बस आत."

"आणि यंदा?"

"यंदा बघू. हितवर तर आले." तिनं तुळस डोक्यावर घेतली. "चल, यवतला पिठलं गार होतंय."

चालताना मला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आठवत होतं. शेवटी आशेची एकही ओळ नसलेलं, अंधारावर संपणारं. आमच्या मंडळीत ते कधी वाचलेलं मला आठवत नाही. पण पुस्तकात ते आहे, कोणी गाळलेलं नाही, आणि ते म्हणणारा माणूस देवाशीच बोलतोय.

यवतचं पिठलं-भाकरी गरमच होती. मी अधाशासारखी खाल्ली. रात्री शाळेच्या व्हरांड्यात शंभरेक बायका, कोणाचा तरी पाय माझ्या कुशीत. पहाटे टँकरपाशी भांडणं, आणि त्याच गलक्यात पलीकडे हरिपाठ सुरू. मी पडूनच ऐकला. माझ्या तोंडून काही येत नव्हतं. पण आजूबाजूला एवढी माणसं म्हणत होती, की त्या पहाटे मला त्याची काळजी वाटली नाही.

चौफुल्याला मावशी कुठे दिसली नाही. डावीकडे वळले आणि टाळांचा आवाज मागे पडला. एकदम रिकामा रस्ता, ऊस, मोटारसायकली. रमाबाईसुद्धा वारकरीच होत्या. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थांमागून तीर्थं पायी हिंडलेल्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. मग भाऊ. १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीनं. तरी पुढे दुष्काळातल्या मुली गोळा करून केडगावला आणल्या. संडेस्कूलमध्ये हे सगळं एका दमात सांगतात आणि 'तरी' या शब्दावर लगेच टाळ्या. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. बायबलचं भाषांतर हातात होतं, छापलेलं पाहायला त्या नव्हत्या. ते आलं १९२४ मध्ये. मनोरमा गेल्यावर पहिल्यांदा हिब्रूचं पान उघडलं तो दिवस कसा गेला असेल, हे मला कोणीतरी सांगायला हवं आहे.

मुक्तीच्या चर्चमध्ये बूट काढून बसले. मुली गाण्याचा सराव करत होत्या, एकीचा सूर सारखा वर जात होता. मी देवाशी भांडले, मनातल्या मनात, पण मुद्देसूद. यजमानांच्या नावापासून सुरुवात केली आणि बराच वेळ लागला.

स्टेशनवर मुलीचा फोन. आज दोन किलो पाणी काढलं, बीपी जरा खाली गेलं होतं, आता ठीक आहे. मागून यजमान ओरडले, "तिला विचार, पाय आहेत का राहिले?" एकावर दोरा लोंबतोय म्हटलं. मग त्यांना डॉक्टरांनी नको म्हटलेलं लोणचं हवं होतं, त्यावरून बाप-लेकीचं जुंपलं, आणि गाडी आली तरी फोन चालूच होता.