मामीला काय सांगू?

परवा मामीने कॅरीबॅगेत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेला दवाखान्याचा कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, "तू ह्याच्यातलंच शिकायलीस ना? मग सांग, माझी गर्भाची पिशवी काढली ते बरोबर झालं का?" तेव्हापासून मला दुसरे काही सुचत नाही. बाबा चारचौघांत माझ्या शिक्षणाला 'दवाखान्याचं काहीतरी' म्हणतात, तेही मनाला लागते. पण ते राहू दे.

प्रजनन आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही लोकसंख्या आणि विकासावरची १९९४ ची कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषद शिकलो, पूर्ण माहिती घेऊन स्वतःच्या शरीराविषयी निर्णय करण्याचा हक्क शिकलो. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, हे मी परीक्षेतही लिहिले. मामीही ऊसतोडीला जाते. ती मात्र ठामपणे सांगते की निर्णय तिचाच होता: अंगावरून पांढरे जात होते, पाळीत मोळ्या उचलवत नव्हत्या, खाडा पडला की दंड बसत होता, लेकरे झालेली होती आणि त्यातच डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधांनी बरे होते आणि त्यातून कॅन्सर होत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मग तो निर्णय तिचा कसा म्हणायचा? पण तो तिचा नव्हता असे म्हणणारी मी तरी कोण?

गरज नव्हती असे सांगितले, तर इतक्या वर्षांनी तिने त्या उत्तराचे काय करायचे? बरोबर झाले म्हणाले, तर तिला पुन्हा एकदा फसवल्यासारखे होईल.

कागदावर गर्भाशय काढल्याची एक ओळ आहे. बीजकोश, म्हणजे अंडाशय, ठेवले की तेही काढले, याचा उल्लेख नाही. चाळिशीच्या आत तेही निघाले असतील, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. मामी म्हणते, थंडीतही अंगातून वाफा निघतात.

आज वाटते, मनात शंका नसती तर तिने तो कागद एवढा जपला नसता. उत्तर सोसण्याची तयारी करूनच तिने विचारले असावे. तयारी माझीच कमी पडते आहे. आधी औषधे द्यायला हवी होती, हे तिला सरळ सांगेन आणि टोळी निघण्याआधी तिला जिल्हा रुग्णालयात नेऊन सोनोग्राफी व रक्ताची तपासणी करून घेईन. मामा काय म्हणतील, ते तेव्हा पाहू.