तुम्ही विचारलंत म्हणून: बिटकॉइनने किराणा भरता येईल का?

पुण्यात करसल्लागार म्हणून काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा हिंजवडी-खराडीकडचे पगारदार तरुण असतात. मोबाइलमध्ये थोडे बिटकॉइन, म्हणजे कोणत्याही सरकारने न काढलेले, इंटरनेटवर चालणारे आभासी चलन, पडून आहेत. त्यांतून किराणा, हॉटेलचे बिल, पेट्रोल असा रोजचा खर्च भागवला तर चालेल का? त्यांच्या आईवडिलांना मात्र एवढेच हवे असते, की हा गुन्हा तर नाही ना?

आईवडिलांच्या धास्तीला कारण आहे. दरमहा 10 टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेच्या सूत्रधाराला 2018 मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली होती आणि तेव्हापासून अनेक घरांत बिटकॉइन म्हणजे फसवणूक असे समीकरण पक्के झाले. परंतु ती योजना वेगळी आणि बिटकॉइन बाळगणे वेगळे. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले. त्यामुळे क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी चलने, बाळगणे किंवा विकणे हा स्वतःहून गुन्हा नाही. मात्र ते आपल्याकडे कायदेशीर चलनही नाही आणि दुकानदाराने ते नाकारले, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर याहून गुंतागुंतीचे आहे, कारण प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने क्रिप्टो हा पैसा नसून ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ आहे आणि ती देऊन साखर घेतली, तरी कायदा त्याला मालमत्तेचे हस्तांतरणच मानतो. म्हणजे तुम्ही खर्च करत आहात असे तुम्हाला वाटत असले, तरी कागदावर तुम्ही विक्री करत असता. 1 एप्रिल 2022 पासून अशा विक्रीच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, त्यावर 4 टक्के उपकर आहे, आणि खरेदीच्या किमतीखेरीज दुसरी कोणतीही वजावट मिळत नाही.

समजा, 2,000 रुपयांना घेतलेल्या बिटकॉइनच्या तुकड्याचे मूल्य आज 3,000 रुपये झाले आहे आणि तो देऊन तुम्ही महिन्याचे वाणसामान भरले. नफा 1,000 रुपयांचा, म्हणून उपकरासह कर 312 रुपये. पुढच्या महिन्यात भाव पडला आणि 3,000 रुपयांना घेतलेला दुसरा तुकडा 2,000 रुपयांच्या खरेदीत गेला. या वेळी 1,000 रुपयांचा तोटा झाला. पण तो आधीच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. दोन्ही महिने मिळून तुमच्या पदरात शून्य पडले, तरी 312 रुपये भरायचे ते भरायचेच. ही तरतूद मला अन्यायकारक वाटते, कारण शेअरच्या व्यवहारात तोट्याला जी जागा आहे ती इथे नाकारलेली आहे. तरीही सल्ला द्यायचा तो आहे त्या कायद्याप्रमाणेच.

दुकानदाराची अडचण तर कोणी विचारातच घेत नाही. 1 जुलै 2022 पासून क्रिप्टो घेणाऱ्याने देणाऱ्याचा 1 टक्का कर कापायचा असतो, आणि मोबदला वस्तूंच्या रूपात असेल, तर तो कर भरला गेल्याची खात्री करूनच वस्तू हाती द्यायची असते. लहान दुकानदाराला एका ग्राहकामागे वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत आणि मोठ्याला 10,000 रुपयांपर्यंत यातून सूट आहे, हे खरे. पण कसब्यातल्या किराणा दुकानदाराने ग्राहकागणिक हा हिशेब ठेवावा, अशी अपेक्षा करणारा माणूस त्याच्या गल्ल्यावर कधी उभा राहिलेला नसावा.

कर बाजूला ठेवला, तरी खुद्द बिटकॉइनची रचना किरकोळ खरेदीला फारशी सोयीची नाही. व्यवहारांचा नवा गट ‘ब्लॉकचेन’ या सामायिक नोंदवहीच्या साखळीत जोडला जायला सरासरी 10 मिनिटे लागतात आणि शुल्क रकमेवर नव्हे, तर व्यवहाराच्या माहितीचा आकार व त्या वेळची गर्दी यांवर ठरते. 2017 च्या अखेरीस ते एका व्यवहाराला 20 डॉलरच्या घरात गेले, तेव्हा स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने बिटकॉइन घेणे बंद केले. पुढे लाइटनिंगसारख्या, मुख्य साखळीबाहेर व्यवहार उरकणाऱ्या सोयी आल्या आणि लहान रकमा झटपट पाठवता येऊ लागल्या. तरीही एल साल्वादोरने 2021 मध्ये बिटकॉइनला दिलेला कायदेशीर चलनाचा दर्जा 2025 मध्ये पातळ करून ते स्वीकारणे ऐच्छिक केले. आपल्याकडे तर यूपीआयने ही गरजच उरू दिलेली नाही. मंडईतल्या भाजीवालीच्या गाळ्यावरही तो चौकोन चिकटवलेला असतो आणि बँक खात्यातून आलेल्या पैशावर तिला शुल्क द्यावे लागत नाही.

काही जण क्रिप्टो देऊन खरेदीची गिफ्ट कार्डे घेतात आणि त्यामुळे विक्री टळली असे समजतात. ती टळत नाही. कार्ड घेतले त्या क्षणीच हस्तांतरण झालेले असते. ज्येष्ठ मंडळी डिजिटल रुपयालाही याच पंक्तीत बसवतात, पण रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 पासून किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला तो रुपयाच आहे. त्याचा भाव चढत-उतरत नाही, म्हणून तो खर्च केल्याने नफ्याचा प्रश्नही येत नाही.

एवढे ऐकूनही ज्यांना हौस असेल, त्यांनी प्रत्येक वेळी खर्चाची तारीख, त्या तुकड्याची मूळ खरेदी किंमत आणि त्या क्षणीचे रुपयांतील मूल्य लिहून ठेवावे, कारण विवरणपत्रात प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र नोंद लागते. पगारदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रिप्टोचे उत्पन्न असेल, तर ‘सहज’ हा सोपा अर्ज चालत नाही. दोन किंवा तीन क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, मग तुम्ही वर्षभरात त्यातून एक चहा प्यायला असाल तरीही.